लाल पाण्याचं खापर आमच्या पाइपवर फोडू नका : पाणीपुरवठा विभागाला खुलं पत्र

मा. आयुक्त, शहर अभियंता आणि पाणीपुरवठा विभागातले सगळे साहेब आणि मॅडम,

तुमची नोटीस आमच्या सोसायटीच्या बोर्डवर लागलीय. नळाला लालसर पाणी येतंय ते इमारतीतल्या जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपमुळे, पाइप स्वखर्चाने बदलून घ्या, महापालिकेचं पाणी तपासलेलं आणि पिण्यायोग्य आहे, असं त्यात लिहिलंय. शेजारच्या सोसायट्यांना पण हीच नोटीस, फक्त सोसायटीचं नाव वेगळं. मागच्या गल्लीतल्या चाळीला तर नोटीस पण नाही, तिथे पाणी आमच्यापेक्षा लाल येतं.

हे पत्र तुम्हाला आहे, पण सगळ्यांनी वाचावं म्हणून इथे टाकतेय, कारण हा प्रश्न आमच्या एका वॉर्डचा नाही आणि आमच्या एका शहराचा पण नाही. राज्यात जिथे जिथे नव्या धरणाचं पाणी जुन्या लाइनला जोडलं जातंय तिथे हे होऊ शकतं.

माझी अख्खी नोकरी पाण्यापासून लोखंड वाचवण्यात गेली. रसायनीच्या एका कारखान्यात युटिलिटीच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. नदीचं पाणी यायचं, क्लॅरिफायरमधून, म्हणजे गाळ बसवणाऱ्या टाकीतून, कूलिंग टॉवरला जायचं आणि तिथून अख्ख्या प्लांटच्या पाइपांमधून फिरायचं. त्या पाण्यात आम्ही गंज रोखणारं केमिकल, म्हणजे इनहिबिटर, डोसिंग पंपाने सोडायचो, त्यात फॉस्फेट असायचं, थोडं झिंक असायचं, फॉस्फोनेट असायचं. नुसतं सोडून मोकळं व्हायचं नाही, रोज शिफ्टला पीएच बघायचा, अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवून पीएच टिकवून धरायची पाण्याची ताकद, ती बघायची, फॉस्फेट किती राहिलंय ते बघायचं, आणि पाण्याच्या वाटेवर एक रॅक असायचा त्यात माइल्ड स्टीलच्या वजन केलेल्या पट्ट्या लटकवलेल्या असायच्या, त्यांना कूपन म्हणतात. ठरलेल्या मुदतीने कूपन काढायचं, साफ करायचं, परत वजन करायचं, जेवढं वजन कमी तेवढं लोखंड पाण्याने खाल्लं. त्यावरून वर्षाला किती जाडी झिजेल हे काढता येतं. आमच्याकडे आकडा ३ एमपीवायच्या वर गेला, म्हणजे वर्षाला साधारण ०.०८ मिलिमीटर, की मॅनेजरपासून केमिकलवाल्यापर्यंत सगळ्यांना बसवून विचारलं जायचं.

हे एवढं सगळं एका कारखान्याच्या पाइपसाठी. आणि लाखो लोक ज्या पाइपमधून पाणी पितात त्या पाइपला एक कूपन नाही, एक आकडा नाही. मी माहिती अधिकारात विचारलं, शहराच्या वितरण व्यवस्थेत गंजण्याचा दर मोजला जातो का, उत्तर आलं की अशी माहिती संकलित केली जात नाही. माझ्या या पत्राचं कारण खरं तर ते एक वाक्य आहे, नोटीस नंतर.

आता नोटिशीत जे लिहिलं नाही ते सांगते. आमच्या भागाला आधी जुन्या नदीचा उपसा आणि काही बोअर असं मिसळलेलं पाणी यायचं, जरा जड पाणी, भांड्याला पांढरे डाग पडायचे, गिझरची कॉइल खराब व्हायची, बायका वैतागायच्या. पण त्याच जड पाण्याने इतक्या वर्षांत पाइपच्या आतल्या बाजूला कॅल्शियमचा आणि गंजाचा मिळून एक थर बसवला होता आणि तो थर त्या पाण्याशी जुळलेला होता. मग नव्या धरणाची लाइन जोडली. सह्याद्रीच्या माथ्यावरचं पावसाचं पाणी, अगदी मऊ, क्षार कमी, अल्कलिनिटी कमी. डाळ पटकन शिजते म्हणून सुरुवातीला सगळ्यांना बरं वाटलं. पण असं पाणी पाइपमधला जुना थर हळूहळू विरघळवतं, खालचं लोखंड उघडं पडतं, पाण्यातला ऑक्सिजन त्याला लागतो, आणि इतकी वर्षं चिकटून बसलेला गंज सुटून नळाला येतो. लाल पाणी नवी लाइन जोडल्यानंतर सुरू झालं. पाइप त्याच्या आधी पण जुनेच होते ना? मग तेव्हा लाल पाणी का नव्हतं येत?

पावसाळ्यात हे अजून बिघडतं, आणि हे तुमच्या जलशुद्धीकरण केंद्रातल्या केमिस्टला नक्की माहिती असणार. गढूळ पाणी आलं की तुरटीचा डोस वाढवावा लागतो, आणि तुरटी अल्कलिनिटी खाते, लिटरला १ मिलिग्रॅम तुरटीमागे साधारण अर्धा मिलिग्रॅम. ज्या पाण्यात मुळात अल्कलिनिटी लिटरला ३०-४० मिलिग्रॅम आहे त्यात ४० मिलिग्रॅम तुरटी पडली तर उरतं काय? पीएच खाली येतो, वरून क्लोरिन गॅस तो अजून थोडा खाली आणतो. म्हणून शुद्धीकरणानंतर चुना द्यायचा असतो. आमच्या केंद्रात चुन्याची टाकी आहे, मी पाहणीच्या दिवशी बघितली, ती बंद होती, आणि ऑपरेटरने प्रामाणिकपणे सांगितलं की चुना चोक होतो म्हणून वापरत नाही. त्या ऑपरेटरला कृपया त्रास देऊ नका, त्याने खरं सांगितलं.

तरीही तुमचं पाणी टेस्टमध्ये पास होतं, आणि मी तुम्हाला खोटं पाडत नाहीये. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात पीएच ६.५ ते ८.५ चालतो, क्षार जास्तीत जास्त किती हे लिहिलंय, पण अल्कलिनिटी कमीत कमी किती हवी हे लिहिलेलं नाही, आणि पाणी लोखंडाला किती खातं याचा आकडा तर त्यात नाहीच. म्हणजे पीएच ६.८ चं मऊ पाणी केंद्रातून निघताना शंभर टक्के पास, आणि तेच पाणी पाच-सहा किलोमीटर लोखंडी पाइपमधून फिरून आमच्या बादलीत लाल. पाण्यातल्या लोखंडाची मर्यादा २०१२ च्या मानकात लिटरला ०.३ मिलिग्रॅम होती, २०१५ च्या दुरुस्तीत ती १ झाली. तुम्ही नमुना घेता केंद्राच्या आउटलेटला नाहीतर उंच टाकीला, आणि नळाला घेतलाच तर पाच मिनिटं नळ सोडून मग बाटली भरता. लाल पाणी त्या पहिल्या पाच मिनिटांतच असतं.

हे जगात पहिल्यांदा होत नाहीये. अमेरिकेत ॲरिझोनात टूसॉन नावाचं शहर आहे, तिथे वर्षानुवर्षं भूजल प्यायचे, नोव्हेंबर १९९२ ला कालव्याने आणलेलं कोलोरॅडो नदीचं पाणी त्याच जुन्या लाइनमध्ये सोडलं आणि घराघरात तपकिरी पाणी यायला लागलं, पाइप फुटले, गिझर गेले. १९९४ ला ते पाणी थेट देणं थांबवावं लागलं, १९९५ ला लोकांनी मतदान करून त्याच्यावर बंधनं घातली. नंतर २००१ पासून तेच नदीचं पाणी जमिनीत मुरवून, भूजलात मिसळून द्यायला लागले. म्हणजे पाणी वाईट नव्हतं, जुन्या पाइपला ते सवयीचं नव्हतं आणि कोणी आधी बघितलं नव्हतं.

दुसरं फ्लिंट, ते बऱ्याच जणांना माहिती असेल. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवायला मिशिगनमधल्या या शहराने डेट्रॉइटकडून येणारं पाणी बंद करून फ्लिंट नदीचं पाणी सुरू केलं. डेट्रॉइटच्या पाण्यात ऑर्थोफॉस्फेट असायचं, म्हणजे इनहिबिटर. फ्लिंटच्या पाण्यात ते टाकलंच नाही, आणि गंज वाढवणारं क्लोराईड नदीच्या पाण्यात कितीतरी जास्त. लोक बाटल्यांमध्ये तपकिरी पाणी भरून सभांना घेऊन जायचे आणि त्यांना सांगितलं जायचं की पाणी सुरक्षित आहे. ऑक्टोबर २०१४ ला तिथल्या जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने सांगितलं की या पाण्याने आमचे पार्ट गंजतायत, तर कारखान्याला दुसरं पाणी जोडून मिळालं. लोकांना तेच पाणी पुढे आणखी एक वर्ष, ऑक्टोबर २०१५ पर्यंत. तोवर पाण्याचे संशोधक मार्क एडवर्ड्स यांच्या टीमने नळांच्या पाण्यात शिसं दाखवून दिलं होतं आणि बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अतिशा यांनी लहान मुलांच्या रक्तात. रक्तात जास्त शिसं असलेल्या मुलांचं प्रमाण २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्के झालं होतं. कारखान्याच्या लोखंडाची काळजी आधी घेतली गेली आणि मुलांची नंतर, हे वाचलं तेव्हा मला माझी लॅब आठवली आणि झोप लागली नाही.

आपल्याकडे फ्लिंटसारख्या शिशाच्या सर्व्हिस लाइन, म्हणजे रस्त्यावरून घरात येणारे शिशाचे पाइप, फारशा नाहीत, म्हणून मी घाबरवायला हे लिहीत नाहीये. पण लोखंडाचा गंज म्हणजे नुसता रंग नाही. गंज क्लोरिन खातो, त्यामुळे केंद्रात बरोबर डोस दिला तरी शेवटच्या घरात शिल्लक क्लोरिन लिटरला ०.२ मिलिग्रॅम पण राहत नाही, आणि पाइपच्या आत गंजाच्या ज्या गाठी असतात त्यांच्या आडोशाला जंतू राहतात. पाइपला भोकं पडतात, आणि आपलं पाणी चोवीस तास नाही, दिवसातून दोन तास येतं. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो, त्या भोकांतून बाजूच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. रिकाम्या ओल्या पाइपला हवा लागते आणि तो भरलेल्या पाइपपेक्षा जोरात गंजतो. आतून खडबडीत झालेल्या पाइपमधून तेवढंच पाणी ढकलायला पंपाला जास्त वीज लागते, आणि ते बिल पण आम्हीच भरतो.

आता माझ्या तक्रारी, सरळ सांगते.

सगळ्यात मोठी ही की पाण्याचा स्रोत बदलताना जुन्या पाइपवर काय परिणाम होईल हे कोणी तपासलं नाही. धरण, पंप, जॅकवेल, जलवाहिनी, सगळ्याचा डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, झाला, मी तो पूर्ण वाचला, त्यात जमिनीखालच्या पाइपला बाहेरून गंज लागू नये म्हणून कोटिंग आहे, पण आतल्या पाण्याचा आणि जुन्या वितरण लाइनचा एक परिच्छेद पण नाही. नवीन मोठ्या लाइनला आतून सिमेंट मॉर्टरचं अस्तर आहे, चांगली गोष्ट आहे, पण वेल्डिंगच्या जॉइंटला ते अस्तर साइटवर हाताने भरावं लागतं, ते झालं की नाही याची नोंद मागितली तर मिळत नाही. आणि शहरातल्या जुन्या लाइनला तर अस्तर नाहीच.

दुसरी तक्रार नोटिशीची. आमच्या सोसायटीत काही घरांनी कर्ज काढून आतले पाइप बदलले, सीपीव्हीसीचे, म्हणजे प्लास्टिकचे, टाकले, आणि तरी सकाळी पहिलं पाणी लालच येतं कारण ते बाहेरच्या लाइनमधून लालच येतंय. ज्येष्ठ नागरिक आहेत, पेन्शनवर आहेत, त्यांना तुमच्या लेटरहेडवरचं वाचून वाटलं की चूक आपल्या पाइपची. चाळीतल्या बायका लाल पाणी फडक्याने गाळून वापरतात, आम्ही निदान वीस लिटरचा जार विकत घेतो, त्यांनी काय करायचं?

तिसरी, लोकांनी आरडाओरडा केला की तुम्ही हायड्रंट उघडून लाइन फ्लश करता, दोन दिवस बरं येतं, मग परत तेच. फ्लशिंग चुकीचं नाही पण तो उपाय नाही. आणि मी ऐकतेय की आता पॉलिफॉस्फेट टाकायचा प्रस्ताव आहे, त्याच्यावर मला जरा सविस्तर बोलायचंय कारण इथे घाईत नुकसान होईल.

पॉलिफॉस्फेट विरघळलेलं लोखंड पकडून ठेवतं, पाणी स्वच्छ दिसतं. लाल रंग जातो, तक्रारी थांबतात, पण पाइप गंजायचा थांबतोच असं नाही, लोखंड पोटात जायचं तसंच जातं, फक्त दिसत नाही. ऑर्थोफॉस्फेट वेगळं, ते पाइपच्या भिंतीवर पातळ थर बसवतं. काही ठिकाणी झिंकबरोबर देतात, काही ठिकाणी सोडियम सिलिकेट वापरतात, मऊ पाण्यात सिलिकेटने पीएच पण थोडा वर येतो. पण यातलं काहीही सतत आणि नेमक्या डोसनेच द्यावं लागतं. कारखान्यात आम्ही शिकलो ती पहिली गोष्ट हीच होती की काही इनहिबिटर गरजेपेक्षा कमी पडले तर काहीच न टाकल्यापेक्षा वाईट, सगळीकडे थर बसतो आणि जिथे बसत नाही त्या बारीक जागेवर सगळा मारा होतो, तिथे पाइपला सुईसारखं भोक पडतं. दिवसातून दोन तास पाणी देणाऱ्या व्यवस्थेत हा थर टिकेल का, हे आधी प्रयोग करून बघावं लागेल. शिवाय जे फॉस्फेट नळात जाईल ते शेवटी सांडपाण्यातून नदीत जाणार, आणि आपल्या नद्यांवर जलपर्णी किती आहे हे पुलावरून जाणाऱ्या कोणालाही दिसतं.

आणि हात जोडून एक सांगते, कारखान्याच्या कूलिंग टॉवरचं केमिकल स्वस्तात मिळतंय म्हणून कोणी पिण्याच्या पाण्यात टाकू नका. नायट्राइट, मॉलिब्डेट, फॉस्फोनेट, ॲझोल हे सगळं कारखान्याच्या बंद आणि फिरत्या पाण्यासाठी आहे. कॅलिफोर्नियातल्या हिंकली गावात गॅस कंपनीच्या स्टेशनने १९५२ ते १९६६ कूलिंग टॉवरला गंज लागू नये म्हणून क्रोमियम सहा हे विषारी केमिकल वापरलं आणि ते पाणी अस्तर नसलेल्या तळ्यांत सोडलं, ते गावाच्या भूजलात उतरलं, १९९६ ला ३३ कोटी ३० लाख डॉलर भरपाई द्यावी लागली. लोखंड वाचवायला निघालेलं केमिकल माणसाच्या विहिरीत गेलं. म्हणून पिण्यासाठी मान्यता असलेलं, शुद्धतेचा दाखला असलेलंच केमिकल, आणि ते पण सगळ्यात शेवटी. आधी चुना द्या, पीएच आणि अल्कलिनिटी वर आणा, कॅल्शियमचा पातळ थर परत बसू द्या. निसर्गाचा सगळ्यात जुना इनहिबिटर तोच आहे, स्वस्त आहे आणि तुमच्याकडे त्याची टाकी उभी आहे.

मागण्या अशा आहेत.

१) ती नोटीस लेखी मागे घ्या. ज्या घरांनी तिच्यामुळे पाइप बदलले त्यांच्याकडून यापुढे त्या कारणासाठी काहीही वसूल करू नका.

२) चुन्याची डोसिंग यंत्रणा दुरुस्त करा, चोक होत असेल तर स्लरीचा पंप आणि लाइन बदला, आणि तुरटीचा डोस वाढेल त्या प्रत्येक दिवशी चुना सुरू असल्याची लॉगबुकात नोंद ठेवा.

३) दर महिन्याला केंद्राच्या आउटलेटचे आणि लाइनच्या शेवटच्या टोकाचे आकडे वेबसाइटवर टाका. पीएच, अल्कलिनिटी, कॅल्शियम हार्डनेस, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), तापमान, क्लोराईड, सल्फेट, लोखंड. पहिल्या पाच आकड्यांवरून लँगेलियर इंडेक्स, म्हणजे पाणी कॅल्शियमचा थर बसवणार की विरघळवणार हे सांगणारा आकडा, काढता येतो, ते सूत्र १९३६ पासून आहे. एकट्या इंडेक्सवर सगळं कळत नाही हे मला माहिती आहे, म्हणूनच क्लोराईड आणि सल्फेट पण हवेत.

४) शहरात निदान तीन ठिकाणी कूपन रॅक लावा, केंद्रात, एका उंच टाकीखाली आणि एका शेवटच्या टोकाच्या वॉर्डात. तीन-तीन महिन्यांनी वजन करा आणि निकाल जाहीर करा. याला कोटींचं टेंडर लागत नाही.

५) नळाचा नमुना सकाळी पाणी आल्या आल्या, नळ न सोडता घ्या, रहिवाशांच्या समोर घ्या. चाळीतून पण घ्या.

६) इनहिबिटरचा कोणताही प्रस्ताव स्थायी समितीत नेण्याआधी शहरातूनच खणून काढलेल्या जुन्या पाइपचे तुकडे जोडून त्यावर निदान सहा महिने प्रयोग करा, आपल्याच वेळापत्रकाने पाणी चालू-बंद करून. नागपूरला नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, मुंबईत आयआयटी आहे, व्हीजेटीआय आहे, त्यांना विचारा. पुरवठादाराच्या प्रेझेंटेशनवर निर्णय घेऊ नका.

७) यापुढे पाण्याचा स्रोत बदलणार किंवा मिसळणार असाल तर आधी पाइपवरच्या परिणामाचा अहवाल, मग व्हॉल्व्ह. ही मागणी राज्य सरकारकडे आणि महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे पण आहे, प्रत्येक नव्या योजनेच्या डीपीआरमध्ये हा भाग सक्तीचा करा. जल जीवन मिशनमध्ये गावागावात पाच-पाच बायकांना पाणी तपासायचं किट आणि ट्रेनिंग दिलंय, त्या पीएच, अल्कलिनिटी, क्लोराईड, लोखंड सगळं बघू शकतात. त्यांनी काढलेले आकडे कोणीतरी या नजरेने वाचायला हवेत.

तुमच्या विभागात माणसं कमी आहेत, लॅबमध्ये पदं रिकामी आहेत हे मला माहिती आहे, रात्री-अपरात्री फुटलेली लाइन जोडायला खड्ड्यात उतरणारे तुमचेच फिटर असतात आणि त्यांच्याबद्दल या पत्रात एक शब्द वावगा नाही. पण माणसं कमी आहेत म्हणून मोजायचंच नाही आणि दोष मात्र रहिवाशांवर टाकायचा, हे मला मान्य नाही.

नोटीस मागे घ्यायला आणि चुना सुरू करायला महिना पुरेसा आहे. तोवर उत्तर आलं नाही तर हेच मुद्दे घेऊन आम्ही प्रभाग समितीच्या बैठकीला येऊ, सोबत आमच्या आणि चाळीतल्या नळांचं सकाळचं पहिलं पाणी, तारीख लिहिलेल्या बाटल्यांमध्ये. आणि कूपनचा रॅक कसा लावायचा, पट्टी कशी साफ करायची, वजन कसं घ्यायचं हे तुमच्या लॅबमधल्या मुलामुलींना शिकवायला कोणी हवं असेल तर मी येते, मानधन नको. सोसायटीच्या ऑफिसमध्ये माझा नंबर आहे.

आपली,
एक नागरिक आणि निवृत्त केमिस्ट
(प्रत : सर्व नगरसेवक, आमदार, आणि ज्या ज्या सोसायटीला ही नोटीस मिळाली त्यांचे सेक्रेटरी)